अनुभव धागा: घरातला पहिला स्वस्तातला प्रोसेसर, पेंटियम की अ‍ॅथलॉन?

तापीकाठचा:
परवा जळगावच्या घरी माळा आवरताना जुना कॅबिनेट खाली काढला. झाकण उघडलं तर पंख्यावर धुळीची गोधडी, तिच्याखाली इंटेलचा पेंटियम ई५४००. २०१०चा. चुलतभावाशी झालेलं भांडण लगेच आठवलं.

माझा पेंटियम दोन कोअरचा (म्हणजे आत दोन मेंदू), २.७ गिगाहर्ट्झ, कॅश (प्रोसेसरच्या पोटातली छोटी मेमरी) २ एमबी, ६५ वॅट. त्याचा एएमडीचा अ‍ॅथलॉन टू एक्स२ २४०. तोही दोन कोअरचा, २.८ गिगाहर्ट्झ, कॅश कोअरला एकेक एमबी म्हणजे तीही दोनच, आणि वॅटही ६५. शंभर मेगाहर्ट्झवरून आम्ही दोन दिवाळ्या एकमेकांशी धड बोललो नाही. वडील म्हणायचे, "बांधावरून भांडला असतात तर समजलो असतो."

खरा फरक प्रोसेसरात नव्हताच. टॅली, वर्ड, गाणी, सगळं दोन्हीकडे सारखं चालायचं. पण माझा मदरबोर्ड जी३१ चिपसेटचा, त्यातलं ग्राफिक्स जेमतेम, गेम लावला की फोटोंचा अल्बम उलटल्यासारखं दिसायचं. त्याच्या ७८५जी बोर्डावर रेडिऑन एचडी ४२०० ग्राफिक्स होतं, पठ्ठ्या आरामात खेळायचा. वर त्याचा रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटातच. माझ्याकडे रॅमपर्यंत जायचं तर चिपसेटला, म्हणजे बोर्डावरच्या मधल्या चिपला, वळसा. मी हे आजवर त्याच्यासमोर कबूल केलेलं नाही. वाचत असेल तर वाचू दे.

तुमचेही येऊ द्या. बाजू घ्या, शिव्या नकोत.

भुसावळची_सून:
पोळ्या करता करता लिहितेय, चुका पोटात घाला. आमच्याकडे इंटेलचा सेलेरॉन डी होता, २.६६ गिगाहर्ट्झचा. मे महिन्यात दुपारी दोन वाजले की आपोआप बंद. दुकानदार म्हणे व्हायरस आहे. तीन वेळा फॉरमॅट मारला, तिन्ही वेळा पैसे घेतले. शेवटी सासऱ्यांनी झाकण काढून समोर टेबल फॅन लावला. रेल्वेतले माणूस. म्हणाले, "इंजिन तापलंय आणि हा डब्याला रंग देतोय." त्यानंतर एकदाही बंद पडला नाही. व्हायरस वाऱ्याने उडाला असेल 😀

केळीबाग_रावेर:
ताई, सासरेबुवांना नमस्कार सांगा. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतली हवाच फिरवतो, थंडावा कुठून आणणार? खोलीत ४३ अंश असेल तर प्रोसेसर ४३च्या खाली जाऊच शकत नाही. पुण्याचे लोक जे तापमानाचे आकडे टाकतात ते आपल्याकडे जानेवारीत बघायचे. त्यात सेलेरॉन डी म्हणजे पेंटियम ४ चंच धाकटं भावंड, ७३ वॅटचं. चूल ती.

मी एकदा दुकानात "कूलर पाहिजे" म्हटलं तर त्याने वाळ्याची ताटी लावलेला दाखवला.

अमळनेरी:
कूलरवाला किस्सा 🤣🤣

माझं वेगळंच. एएमडीचा सेम्प्रॉन २८००+ घेतला, सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) ७५४वाला. "अठ्ठावीसशेचा आहे" म्हणून गल्लीभर सांगून झालं. संध्याकाळी माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करतो तर १.६० गिगाहर्ट्झ! तशीच सायकल काढली, गेलो दुकानात भांडायला. तो शांतपणे म्हणाला, हा आकडा नावाचा आहे, वेगाचा नाही. एका ठोक्यात हा जास्त काम करतो म्हणून तसं नाव ठेवलंय. मला वाटलं गंडवतोय. मग शेजाऱ्याच्या २.६६च्या सेलेरॉनवर आणि माझ्यावर एकच फोल्डर झिप करून घड्याळ लावलं. एवढ्या गिगाहर्ट्झच्या फरकात मी मातीत जायला हवा होतो, पण जेमतेम मागे राहिलो. बुटका बैल, पण औताला चांगला.

साक्रीकर:
भाऊ, लाइटच नही ते कसाना प्रोसेसर!

भुसावळची_सून:
@साक्रीकर अगदी! भारनियमनाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असायचं. यूपीएस कुकरच्या शिट्टीपेक्षा जोरात ओरडायचा. दीपनगरच्या वीजकेंद्राची वीज घराजवळ तयार व्हायची आणि आम्ही अंधारात.

धुळे_१८:
पिन वाकवलेलं कोणी आहे का इथे? इंटेलच्या ७७५ सॉकेटात पिना बोर्डावर, एएमडीच्या तेव्हा प्रोसेसरलाच. एएम३च्या अ‍ॅथलॉनला ९३८. मी प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलायला हीटसिंक (पंख्याखालचा धातूचा ठोकळा) सरळ वर ओढला. वाळलेल्या पेस्टने प्रोसेसर धरून ठेवलेला, सॉकेटची दांडी बंद असताना तोही उपटून वर आला. एका कोपऱ्यातल्या सात-आठ पिना भाताच्या लोंबीसारख्या झुकलेल्या. घाम फुटला, वडिलांचे पैसे होते.

मोठ्या बहिणीने लिड काढलेली पॉइंट फाइव्हची पेन्सिल आणली. तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर चढवून केसाएवढं केसाएवढं सरळ करत गेली, दर वेळी डोळ्यासमोर धरून रांग बघायची. मला श्वासही जोरात घेऊ देईना. तासाभराने बसला, चालू झाला. ती ब्लाउजचे हुक पण असेच लावते, तोंडात टाचण्या धरून.

आता हीटसिंक काढायच्या आधी मशीन थोडा वेळ चालू ठेवतो, पेस्ट मऊ होते, मग बंद करून पिळ देत काढतो.

केळीबाग_रावेर:
इंटेलच्या पंख्याच्या त्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर कोणीच बोलेना? तीन बसल्या की चौथी उसळते. मला वाटतं निम्मे "तापतो तापतो" त्या चौथ्या खुंटीमुळे.

शिरपूर_हॉस्टेल:
तुम्ही सगळे काका लोक आहात 🙏 आमच्या वेळी वाद जी४५६० की २००जीई. पेंटियम जी४५६० आला जानेवारी २०१७ला, दोन कोअर चार थ्रेड (एका वेळी चार कामं), ३.५ गिगाहर्ट्झ, ५४ वॅट. त्याच्यापेक्षा महाग आय३-७१००लाही दोन कोअर चार थ्रेडच, नुसते ३.९ गिगाहर्ट्झ. आय३ घेतलेला रूममेट आठवडाभर जेवला नाही. अ‍ॅथलॉन २००जीई आला २०१८मध्ये. ३.२चाच, पण ३५ वॅट आणि व्हेगा ३ ग्राफिक्स. वेगळं कार्ड घ्यायची ऐपत नसेल तर अ‍ॅथलॉन, पुढे कार्ड टाकायचं असेल तर पेंटियम. मी पेंटियम घेतला, कार्ड अजून टाकायचंच आहे. आता तर विंडोज ११पण घेत नाही तो.

अमळनेरी:
एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) टाक आणि विंडोजऐवजी लिनक्स लाव. आपल्या कामांना प्रोसेसर कमी, हार्ड डिस्कच जास्त नडते.

भुसावळची_सून:
@तापीकाठचा विषयांतर, पण जळगावला आलाच आहात तर भरताची वांगी आली का बाजारात? इकडे अजून नीट मिळत नाहीयेत.

तापीकाठचा:
आली आहेत ताई. हिरवी, पांढुरकी झाक असलेली. काल काड्यांवर भाजली, कळण्याच्या भाकरीबरोबर हाणली.

चुलतभाऊ_चोपडा:
वाचतोय मी. पंधरा वर्षांनी कबूल केलंस. माझा २४० अजून चालू आहे, केळीच्या पावत्या त्यावरच होतात. आणि माझे स्पीकर २०११पासून तुझ्याकडे आहेत.

तापीकाठचा:
स्पीकर माळ्यावरच सापडले. एक वाजतो.

धुळे_१८:
तो ई५४०० चालू आहे का? एका शाळेला जुनी मशिनं जोडून देतोय, डीडीआर२ रॅम पाहिजे.

तापीकाठचा:
२ जीबीची एक पट्टी आहे, ने फुकट. पण रविवारी ये, अर्धा माळा अजून आवरायचाय.