रंग बनतो एका पेशीत, दिसतो दुसऱ्या पेशीत. तो जातो कसा?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, चोपडा):
आमच्याकडे मे अखेरीस बागायती कपाशीची लागवड सुरू होते, तेव्हा वडील दिवसभर उन्हात असतात. परवा त्यांनी घड्याळ काढले, तर मनगटावर फिकट पट्टा आणि त्याला लागून काळवंडलेली कातडी, अशी रेघ ओढल्यासारखी सीमा दिसली. रंग बनवणाऱ्या पेशी कातडीत मोजक्याच असतात, असे मी वर्गात शिकवते. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की मग ठिपके न दिसता सगळी कातडी एकसारखी कशी काळवंडते? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (जीवशास्त्राचे प्राध्यापक, जळगाव):
ताई, विद्यार्थिनीने नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. मेलॅनोसाइट ही रंगपेशी बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात असते आणि फांद्यांसारख्या लांब हातांनी ती आजूबाजूच्या सुमारे ३६ केराटिनोसाइट पेशींना, म्हणजे बाह्यत्वचा जिच्यापासून मुख्यतः बनते त्या पेशींना, रंग पुरवते. मेलॅनिन हे रंगद्रव्य मेलॅनोसोम नावाच्या बारीक पिशव्यांत तयार होते. या पिशव्या पेशीतील रुळांसारख्या सूक्ष्मनलिकांवरून फांद्यांकडे जातात, आणि तेथे रॅब२७ए, मेलॅनोफिलिन व मायोसिन-५ए ही प्रथिने त्यांना पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांशी बांधून धरतात. यांपैकी एक जरी निकामी असले, तरी बनलेला रंग पेशीच्या मध्यातच अडकून पडतो; ग्रिसेली सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजारात मुलांचे केस चंदेरी दिसतात, ते यामुळेच.

उत्तर (संशोधक विद्यार्थी, धुळे):
सरांच्या उत्तराला पुढे नेतो, कारण खरा वाद पेशीची वेस ओलांडण्याबद्दल आहे. शेजारची पेशी फांदीचे टोकच गिळते, दोन पेशींमध्ये बारीक नळी तयार होते, मेलॅनोसोम भरलेली पुडी सुटून बाहेर पडते, किंवा आवरण मागे ठेवून मेलॅनिनचा नुसता गाभा बाहेर टाकला जातो आणि शेजारीण तो गिळते, असे चार मार्ग मांडले गेले आहेत. मला शेवटचा मार्ग अधिक पटतो, कारण केराटिनोसाइटमध्ये पोहोचलेल्या मेलॅनिनभोवती मेलॅनोसोमच्या मूळ आवरणातील प्रथिने सहसा आढळत नाहीत. शिवाय ही पेशी नुसती घेणारी नसते. उन्हातील अतिनील किरणांनी तिच्यावरील पार-२ हा ग्राहक (बाहेरचा संकेत टिपणारे प्रथिन) वाढतो आणि तिची गिळण्याची क्रियाही वाढते.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. पण गिळलेला रंग तेथे करतो काय, आणि पावसाळ्यानंतर वडिलांचा हात पुन्हा उजळतो तो कसा?

उत्तर (त्वचारोगतज्ज्ञ, भुसावळ):
तो केंद्रकाच्या वरच्या बाजूला टोपीसारखा गोळा होतो आणि आतल्या डीएनएला उन्हापासून जपतो. या पेशी हळूहळू वर सरकून काही आठवड्यांत झडतात व रंगही त्यांच्याबरोबर जातो. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक मेलॅनोसोमच्या आकारात, संख्येत आणि मांडणीत असतो, हे वर्गात आवर्जून सांगावे. कोडामध्ये मात्र देणारी रंगपेशीच नाहीशी होते. म्हणून उपचार लागू पडू लागले, की पांढऱ्या डागात पुष्कळदा आधी केसांच्या मुळांभोवती बारीक ठिपके उमटतात, कारण नव्या रंगपेशी तेथूनच वर येतात.