नदीकाठच्या महापालिकेचा आपत्ती कक्ष: रचना कशी करावी, हुकूम कोणाचा?

संथ_वाहते

नमस्कार. नदीकाठच्या एका ड वर्ग महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा नव्याने लिहायचा आहे. जुना आराखडा जाडजूड आहे. त्यात शहराचा इतिहास, हवामान, लोकसंख्या सगळं आहे, पण रात्री दोन वाजता पाणी चढू लागलं तर पहिला फोन कोणी कोणाला करायचा एवढंच नाही. कक्ष म्हणजे एक खोली, दोन लँडलाइन आणि पावसाळ्यात आळीपाळीने बसवलेले इतर खात्यांतले लिपिक.

मुंबईच्या १९१६ या मदत क्रमांकाच्या आपत्ती कक्षासारखी रचना लहान शहरात जमेल का? अग्निशमन, पोलीस, महसूल, एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) सगळे हजर असताना घटनास्थळी शेवटचा शब्द कोणाचा? आणि पंप किती लागतात ते काढायचं कसं? सध्या गेल्या वर्षीच्या यादीत थोडी भर घालून फाइल पुढे जाते.

---

भरती_ओहोटी

मुंबईची खोली उचलू नका, तिथली पद्धत उचला. भिंतभर स्क्रीन लावले म्हणजे कक्ष झाला असं अनेक शहरांना वाटतं. पहिल्या पावसात त्या स्क्रीनवर सीसीटीव्हीचं काळं चित्र असतं, कारण कॅमेऱ्यांना बॅटरी बॅकअपच नसतो.

मुंबईने धडा घेतला तो २६ जुलै २००५ ला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७४ मिमी पाऊस. कुलाब्याच्या आकड्यावर विसंबलेल्याच्या लेखी त्या दिवशी पूर आलाच नाही. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकं बसली ती त्यानंतर. मुंबईचं गणित पाऊस अधिक भरती असं आहे. समुद्रात उघडणाऱ्या १८६ पातमुखांपैकी (गटार-नाल्यांची पाणी सोडणारी तोंडं) ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत आणि भरतीच्या वर जेमतेम सहा. म्हणून तिथे साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचं वेळापत्रक आधीच काढून ठेवतात.

तुमचं गणित वेगळं आहे: नदीची फुटांतली पातळी. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, सांगलीला आयर्विन पुलावर ४० आणि ४५. हे आकडे शहराला पाठ असतात, आराखड्यात मात्र त्यांच्यापुढे काम लिहिलेलं नसतं. तुमचा सगळ्यात महत्त्वाचा कागद एकपानी असायला हवा: किती फुटांना कोणत्या गल्लीत पाणी, तेव्हा कोणता रस्ता बंद, कोणत्या शाळेचं कुलूप उघडायचं, किल्ली कोणाकडे, हुकूम कोणाच्या सहीने. कोल्हापुरात सुतारवाडा, सांगलीत सूर्यवंशी प्लॉट आधी हलवावा लागतो हे तिथल्या कर्मचाऱ्यांना तोंडपाठ आहे. तुमच्याकडच्या अशा वस्त्यांची नावं मुकादमांना विचारून लिहून घ्या. ते निवृत्त झाले की ही माहितीही जाते.

कक्षातल्या माणसाला वरच्यांना न विचारता करायच्या कामांची यादी त्याच पानाच्या मागे छापा. इशारा पातळी गाठली की शाळा उघडणं, भोंगा फिरवणं, बोट पाण्यात उतरवणं या गोष्टींसाठी आयुक्तांचा फोन लागायची वाट बघायची नाही. लिपिक बसवायला हरकत नाही, पण प्रत्येक पाळीत निर्णय घेऊ शकणारा किमान उपअभियंता दर्जाचा एक माणूस हवा, नाहीतर कक्ष नुसतं निरोप पोचवणारं टपाल कार्यालय होतो.

फोन घेताना लिहायचं ते असं: वेळ, पत्ता आणि जवळची खूण, पाणी घोट्याला, गुडघ्याला की कमरेला (मीटर कोणी सांगत नाही), माणसं किती, अंथरुणाला खिळलेलं, गरोदर किंवा डायलिसिसवर कोणी आहे का, पाण्यात वीज उतरलीय का. एकाच जागेचे चाळीस फोन येतात. त्यांना चाळीस क्रमांक दिले तर यंत्रणा चाळीस घटनांमागे धावते. घटना क्रमांक एकच, बाकीचे त्याखाली जोडायचे. नोंद बंद करण्यासाठी ‘संबंधितांना कळवले’ हा शेरा चालू देऊ नका. कोण पोचलं आणि किती वाजता, हे लिहिल्याशिवाय रकाना बंद होता कामा नये.

कक्ष तळघरात किंवा नदीकडच्या इमारतीत असेल तर आधी तो हलवा. जनरेटरही वरच्या मजल्यावर.

---

बंबवाला

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. एनडीएमएच्या (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण) २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत ‘इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टीम’ दिलेली आहे: एक घटना प्रमुख, त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष कारवाई, नियोजन आणि रसद असे तीन विभाग. एका माणसाच्या थेट हाताखाली साधारण पाच जण. घटना प्रमुख कोण हे हुद्द्याने ठरत नाही, आणि आपल्याकडे नेमका तिथेच गोंधळ होतो. जिल्हाधिकारी घटनास्थळी आले की सगळे त्यांच्याकडे तोंड करून उभे राहतात आणि ढिगाऱ्यावरचं काम थांबतं.

इमारत कोसळली असेल तर धोक्याच्या पट्ट्याच्या आतला हुकूम अग्निशमन अधिकाऱ्याचा. दोरीबाहेरची गर्दी आणि रस्ता पोलिसांचा. जेसीबी, डंपर, फ्लडलाइट, पाणी, जेवण पुरवायची जबाबदारी प्रभाग कार्यालयाची. वरिष्ठांना माहिती द्यायला वेगळा माणूस नेमा, म्हणजे घटना प्रमुखाला दर पाच मिनिटांनी फोन उचलावा लागणार नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी वीज आणि गॅस तोडायचा. मग शेजाऱ्यांकडून घरनिहाय यादी: आत कोण होतं, कोणत्या खोलीत, कोण गावाला गेलंय. ही यादी नसली की बाहेर आलेल्या माणसालाच आत शोधत बसतात. मग ठरावीक वेळाने सगळी यंत्रं बंद करून पूर्ण शांतता आणि हाका. जिवंत माणूस असण्याची शक्यता संपेपर्यंत जेसीबीचा दात ढिगाऱ्याला लावायचा नाही. वरचे सुटे तुकडे हाताने काढायचे, कारण एक तुळई चुकीची ओढली तर खालची पोकळी बसते. रुग्णवाहिका तोंड बाहेरच्या दिशेने करून एका रांगेत, आत यायची वाट एक आणि जायची दुसरी. बघ्यांच्या दुचाकी रस्त्यात लागल्या की १०८ अडकलीच म्हणून समजा.

एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे. पावसाळ्यात काही तुकड्या कोल्हापूर-सांगलीकडे आधीच पाठवतात. तरी पहिले काही तास तुमचेच. तुकडी आल्यावर तिला नकाशा, वाटाड्या आणि मुक्कामाची जागा तयार हवी. ती घटना प्रमुखाच्या जागी येत नाही, त्याच्या मदतीला येते.

---

नाले_पुराण

पंपांचं गणित फार अवघड नाही. एक हेक्टरवर तासाला ५० मिमी पाऊस म्हणजे ५०० घनमीटर पाणी, पाच लाख लिटर. काँक्रीटच्या वस्तीत जवळजवळ सगळं वाहून खाली येतं. ताशी २५० घनमीटरचा एक डिझेल पंप त्यातलं निम्मं काढेल, तेही पाटीवरचा आकडा खरा धरला तर. उंची वाढली, पाइप लांबला की विसर्ग घटतो. त्यामुळे आधी सखल जागेचं क्षेत्र मोजा, मग पंप मागा. (मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिमीसाठी होती. तिथल्या पावसाळी गटारांवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ते ५० मिमीवर न्यायला सांगितलं. ५० मिमीच्या हिशोबाने चाला.)

पंप बंद पडण्याची कारणं ठरलेली असतात. जाळीत प्लास्टिक अडकतं, म्हणून प्रत्येक पंपाशी पंजा घेऊन एक माणूस. शोषण उंची (पाण्यापासून पंपापर्यंतची) सहा मीटरच्या वर गेली की पंप हवा खातो. डिलिव्हरी पाइप रस्त्यावरून नेला की वाहनं तो चिरडतात, दोन्ही बाजूंनी लाकडी उतार लावा. आणि सगळ्यात हास्यास्पद प्रकार: उपसलेलं पाणी त्याच नाल्यात वरच्या बाजूला सोडणं. तेच पाणी दिवसभर गोल फिरतं आणि डिझेलचं बिल मात्र खरं निघतं.

डिझेल अश्वशक्तीमागे ताशी साधारण ०.२ लिटर. ३० अश्वशक्तीचं इंजिन २४ तासांत दीडशे लिटरच्या आसपास खातं, म्हणजे २०० लिटरचं एक पीप दीड दिवसाच्या आत संपतं. पेट्रोल पंपच पाण्यात जाणार असेल तर तीन दिवसांचा साठा उंचावर हवा, आणि त्याची परवानगीही आधीच.

नदीकाठच्या शहरात पाणी पहिलं काठावरून येत नाही, गटारातून उलटं येतं. नदी पातमुखाच्या वर गेली की शहराच्या पोटात पाणी शिरतं. म्हणून प्रत्येक पातमुखाची तळपातळी नदीच्या मापनपट्टीच्या फुटांत काढून ठेवा. झडप असेल तर मे महिन्यात ती हाताने हलवून बघा. ओंडका किंवा गाळ अडकून अर्धी उघडी राहिलेली झडप नसल्यासारखीच.

भरती_ओहोटी यांच्या यादीत एक भर. वीज बंद करायचा हुकूम वस्तीचा नसतो, फीडरचा (अनेक वस्त्यांना वीज पुरवणाऱ्या मुख्य वाहिनीचा) असतो. त्याच फीडरवर जॅकवेल (नदीतून पाणी उचलायची विहीर) किंवा पंपिंग स्टेशन असेल तर वस्ती वाचवताना शहराचं पाणी बंद होतं. महावितरणकडून फीडरनिहाय यादी घ्या आणि ती त्या एकपानी तक्त्याला जोडा. वेगळ्या फायलीत ठेवली तर ऐन वेळी सापडत नाही.

मॅनहोलबद्दल: पाणी लवकर जावं म्हणून लोक झाकण उघडतात. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एका डॉक्टरांचा त्यातच बळी गेला. झाकणाखाली लोखंडी जाळी बसवणं हाच उपाय, पाट्या कोणी वाचत नाही.

---

फेरफार_नोंद

कायद्याची बाजू थोडक्यात. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असतं. २०२५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने राज्य सरकारला महापालिका शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरण नेमता येतं. त्यात अध्यक्ष आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. तुमच्या शहरासाठी तशी अधिसूचना निघाली आहे का ते बघूनच आराखड्यात पदनामं घाला.

खरेदीसाठी कलम ५० आहे: प्राधिकरणाने तातडीची गरज मान्य केली तर निविदेविना खरेदी होते. खाजगी ट्रॅक्टर, बोट, इमारत ताब्यात घ्यायला कलम ६५, आणि त्याची भरपाई कलम ६६. महापालिका अधिनियमाच्या कलम ६७(३) खाली आयुक्तांना अचानक संकटात तत्काळ कारवाई करता येते, पण लगेच स्थायी समितीला कळवावं लागतं. लेखापरीक्षणात अडकतात ते खरेदीमुळे नव्हे, तर तारीख-वेळेशिवायच्या मंजुरीमुळे. कोऱ्या आदेशाचा नमुना कक्षातच ठेवा. प्रसंगी वेळ आणि सही तेवढी भरायची.

मात्र मे महिन्यात माहीत असलेली गरज जुलैत ‘तातडीची’ होत नाही. पंपाच्या भाड्याचा दरकरार पावसाळ्याआधीच झाला पाहिजे.

---

संथ_वाहते

खूप उपयोग झाला, फुटांचा तक्ता उद्यापासूनच सुरू करतो. दोन गोष्टी राहिल्या: बोटींत काय बघायचं, आणि एका शाळेत किती माणसं धरायची? जुन्या आराखड्यात प्रत्येक शाळेपुढे ५०० लिहिलंय.

---

बंबवाला

बोटीच्या क्षमतेत चालक आणि मदतनीस हे दोघे धरूनच मोजा. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा तिच्यात पेलवतील त्याहून जास्त माणसं होती. म्हणून लाइफ जॅकेट संपली की बोट भरली, हा नियम. लहान मुलांची वेगळी जॅकेटं घ्या, मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यातून निघून जातं. रबरी बोट कुंपणाच्या भाल्यांवर फाटते, त्यामुळे ठिगळाचा संच आणि हातपंप बोटीतच. इंजिनाच्या पंख्यात जलपर्णी आणि केबल गुंडाळते, सुटी शिअर पिन (पंखा अडकला की तुटणारी खीळ) आणि चाकू दोरीने बांधून ठेवा. वल्ही असतातच असं गृहीत धरू नका. पाणी चढलं की डोक्यावरच्या तारा हाताशी येतात, त्या भागाची वीज बंद झाल्याचं कळल्याशिवाय बोट आत नाही.

---

फेरफार_नोंद

एनडीएमएचे किमान निकष धरा: माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा, दिवसाला ३ लिटर पिण्याचं पाणी, ३० माणसांमागे एक शौचालय. सहा बाय सहा मीटरचा वर्ग म्हणजे दहा माणसं. बारा वर्गांची शाळा १२० जणांची, त्यांना चार शौचालयं. ५०० हा आकडा बहुधा पटसंख्येवरून आलेला दिसतो. वर्गांची संख्या नव्याने मोजा आणि कमी पडणाऱ्या शौचालयांसाठी फिरती शौचालयं दरकरारात घाला. जनावरांची जागा वेगळी दाखवा. गोठा सोडायला लागू नये म्हणून माणसं शेवटपर्यंत घर सोडत नाहीत.