अनुभव धागा: आपल्याच देशात कुठे कुठे हिंडलात?

पौडरोडवाली
ऑफिसात डब्याच्या वेळी सध्या फक्त व्हिएतनाम आणि बाकू चालू आहे. कोणाचा व्हिसा आला, कोणाचा अडकला, फोरेक्स कार्ड कुठलं चांगलं. मी मधेच बोलले की मला लोणार परत बघायचंय, तर समोरची मुलगी विचारते, ते कुठल्या देशात? (जन्म, शाळा, कॉलेज सगळं पुण्यातच हं तिचं.) हसून घेतलं पण घरी येईपर्यंत डोक्यात लोणारच.

कॉलेजात असताना मी, मावसबहीण आणि तिची मैत्रीण, एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढून निघालो होतो. चार दिवसांचा मिळतो आणि सात दिवसांचा मिळतो, आम्ही सातचा काढला. बाबांची अट एकच, रोज रात्री एसटीडीवरून फोन. शिवाजीनगर स्टँड तेव्हा शिवाजीनगरलाच होता, वाकडेवाडीला नाही. औरंगाबाद (तेव्हाचं), मग जालना, मग सिंदखेडराजा. तिथे लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान, आणि आम्ही तिघी सोडून आत कोणी नाही. पुढच्या गाडीला वेळ होता म्हणून स्टँडवर पत्ते खेळत बसलो तर एक बाई येऊन हळूच विचारून गेल्या, पोरींनो घरून पळून आलात का? पटलं नाही त्यांना शेवटपर्यंत. बिस्किटाचा पुडा दिला वर.

लोणारला आधी काठावरून बघितलं. साधारण पावणेदोन किलोमीटर रुंद खड्डा, खाली हिरवं पाणी, भोवती झाडी. उल्कापाताने झालंय हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण काठावर उभं राहिलं की पोटात जे होतं ते पुस्तकात नसतं. मग धार म्हणतात त्या झऱ्यापाशी पाय धुऊन खाली उतरलो. मोर, माकडं, पडकी देवळं, तळाला कमळजा देवीचं देऊळ, आणि पाण्याला एक उग्र वास. पाणी हातात घेतलं की बुळबुळीत लागतं, खारंही आहे आणि अल्कलीही.

असो, लांबलं. तर आपापले अनुभव लिहा. छोटी गावं, जंगलं, कोपरे. परदेश नको, त्याला दुसरे धागे आहेत.

दगडधोंडे
लोणार!! बसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं इतकं नीट टिकलेलं विवर जगात दुर्मिळ आहे, म्हणून चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारे लोक इथे येतात. आधी वय पन्नासेक हजार वर्षं म्हणायचे, नंतरच्या मोजणीत ते पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास गेलं. आणि २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं आठवतंय का? नमुने आपल्या पुण्यातल्या आघारकर संस्थेत तपासले होते. पाणी आटून खारटपणा वाढला की हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा रंग तो.

निम्मा_चहा
म्हणजे पुण्याला विचारल्याशिवाय लोणारला रंगही बदलता येत नाही :)

कडीपत्ता
दैत्यसूदन मंदिर नाही बघितलं का ताई? लोणार गावातच आहे. कोरीवकाम बघत दुपार जाते.

पौडरोडवाली
बघितलं ना, पण तोवर आम्हाला भूक इतकी लागली होती की कोरीवकामापेक्षा बाहेरची भजी जास्त आठवतात.

टेकडीवर_पहाटे
मेळघाट. बुद्धपौर्णिमेची रात्र, मचाणावर.
वनखात्याकडे आधी नाव नोंदवायचं, पैसे भरायचे, मग दुपारी जीपमधून प्रत्येकाला आपापल्या पाणवठ्यावर सोडतात. पूर्वी याला प्राणीगणना म्हणायचे, आता गणती कॅमेऱ्यांवर होते त्यामुळे हा लोकांसाठीचा निसर्गानुभव म्हणून ठेवलाय. पुण्याहून रेल्वेने बडनेरा, तिथून परतवाडा, मग घाट चढून सेमाडोह. मे महिना, ऊन असं की सीटला हात लावता येत नव्हता. माझ्याबरोबर एक वनमजूर दादा होते, कोरकू आदिवासी, बोलायला कमी. त्यांनी आधीच सांगितलं, अत्तर नाही, टॉर्च नाही, खोकला आला तर उशीत तोंड, आणि सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही. मी विचारलं आणि लघवी? त्यांनी रिकामी बाटली दाखवली. विषय संपला.

सूर्य मावळेपर्यंत फक्त मधमाश्या आणि एक मुंगूस. मग चंद्र वर आला आणि सगळं दिसायला लागलं, म्हणजे अगदी पानं मोजता येतील एवढं. रातवा ओरडत होता, चक चक चक चक, थांबतच नाही तो. सांबराच्या माद्या आल्या, एक पाऊल टाकायच्या, कान फिरवायच्या, परत एक पाऊल. पाण्यापर्यंत यायला त्यांना किती वेळ लागला काय सांगू, माझा पाय बधिर झाला आणि हलवता येईना. मग गवे. गवा एवढा मोठा असतो हे फोटोत कळतच नाही. मध्यरात्रीनंतर अस्वल आलं आणि त्याने कोणाचीच पर्वा केली नाही, सरळ येऊन बशीतून चहा भुरकावा तसं पाणी पिलं, एवढा आवाज, मला हसू आवरेना आणि दादांनी माझा दंड असा दाबला की दोन दिवस निळा होता.

पहाटे पहाटे दरीतून सांबराचा इशारा आला, ढांक, मग वानरांचा खकारा, परत ढांक. दादा ताठ बसले, बोटाने खूण केली, आहे. जवळच आहे. आम्ही दोघंही श्वास धरून. उजाडेपर्यंत बसलो. काही आलं नाही. सकाळी खाली उतरलो तर पाणवठ्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे आमच्या पाठीशी, ओल्या मातीत पंजे. ताजे. तो येऊन पाणी पिऊन गेला होता.

सदाशिव_पेठी
थोडक्यात वाघ दिसला नाही.

टेकडीवर_पहाटे
हो. लिहिलं की एवढं.

सदाशिव_पेठी
नाही, मी शेवट आधी वाचला.

अवनी_७७
हाहाहा. टेकडीवर, भारी लिहिलंय. बायकांना देतात का मचाण? आणि बाटलीचं काय मग??

टेकडीवर_पहाटे
देतात की, शेजारच्या मचाणावर दोघी जणी होत्या. बाटलीचं त्यांना विचारायचं धाडस झालं नाही.

गुळपोळी
चिखलदऱ्याला कॉफी पिकते हे कोणाला माहीत आहे का? विदर्भात कॉफी! मी तिथून पावडर आणली आणि सासूबाईंनी दंतमंजन समजून डब्यात भरून ठेवली.

झेलमचा_प्रवासी
आमचं सगळं हिंडणं झेलम एक्सप्रेसमुळे. वडील सैन्यात, त्यामुळे दर उन्हाळ्यात पुणे ते जम्मू. मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ ही नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ. डब्यात निम्मे जवान, सुट्टीवर जाणारे हसत खेळत आणि परतणारे गप्प. ग्वाल्हेर सोडलं की चंबळची बेहडं लागतात, मातीचे नुसते उभे आडवे कडे आणि घळी, मग धौलपूरच्या आधी पूल. आई म्हणायची आता खिडकी लावा डाकू येतील, आणि आम्ही खरंच लावायचो. आता मुलांना विमानाने नेतो, त्यांना वरून ढग दिसतात. त्यांना विचारलं मधे काय काय लागतं तर म्हणतात सँडविच.

निम्मा_चहा
मधे सँडविच लागतं :) :) हे ऑफिसात सांगणार.

पर्वतीपायथा
पानिपत. दिल्लीला लग्नाला गेलो होतो, एक दिवस मोकळा होता. काला आम स्मारकाला गेलो. १४ जानेवारी १७६१ शाळेत घोकलेलं असतं, पण तिथे साधी बाग आहे, गवत, फुलझाडं, एक स्तंभ, शाळेची सहल डबे खात बसलेली. रिक्षावाल्याने विचारलं कुठून आलात, पुणे म्हटल्यावर त्याने परतीचे पैसे घेतले नाहीत. का ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सिंहगडरोडकर
हे वाचून काटा आला.

मोडी_वाचक
इतिहासावर आलाच आहात तर तंजावर. बृहदीश्वराच्या देवळात प्रदक्षिणा घालताना नैऋत्येच्या बाजूला भिंतीवर बघा, देवनागरीत मराठी शिलालेख आहे, भोसले घराण्याचा इतिहास, १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजी राजांनी कोरून घेतलेला. भिंतभर आहे. हजार वर्षं जुनं चोळांचं देऊळ, बाहेर सगळ्या पाट्या तमिळ, आणि मधेच आपण वाचायला लागतो. व्यंकोजीराजे म्हणजे महाराजांचे सावत्र भाऊ तिकडे गेले, पुढे १८५५ पर्यंत ते राज्य होतं. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत. मी तिथे काचेला नाक लावून वाचत होतो तर पहारेकरी येऊन मागे उभा राहिला, मला वाटलं हाकलतोय, तर तो म्हणाला काय लिहिलंय ते आम्हालाही सांगा. मग काय, जेवायची वेळ टळली.

वैशालीतली_खुर्ची
सांबार तिथल्याच मराठ्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं म्हणतात ना? संभाजीराजांच्या नावावरून?

मोडी_वाचक
ती आख्यायिका आहे हो, पुरावा काही नाही. वाद नको, सांबार गार होतं.

आजीचा_मोबाईल
मी पहिल्यांदाच लिहिते आहे. टायपिंग हळू आहे सांभाळून घ्या. आम्हा दोघांना कच्छ बघायचं होतं. ह्यांनी धोळावीराची कात्रणं जमवून ठेवली होती. रिटायर झाल्यावर जाऊ म्हणायचे आणि मग ते राहून गेलं. ते गेल्यावर मी भजनी मंडळातल्या मैत्रिणींना घेऊन गेले. खावड्याहून धोळावीराला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरं मीठच मीठ. आणि त्या जुन्या नगरात पाण्याचे केवढाले हौद, दगडात. साडेचार हजार वर्षांपूर्वी त्या वाळवंटात पाणी साठवायची अक्कल. मी तिथल्या मुलाला एवढे प्रश्न विचारले की तो म्हणाला आजी तुम्ही प्रोफेसर का. म्हटलं नाही रे मी कात्रणं वाचलीत.

अवनी_७७
आजी 🙏 अजून लिहा ना, कितीही हळू लिहा.

झेलमचा_प्रवासी
आजी, नमस्कार करतो. डोळ्यात पाणी आणलंत.

आजीचा_मोबाईल
अहो रडू नका. आम्ही तिकडे खूप हसलो. आमच्यातल्या एकीने उंटावरून उतरायला नकारच दिला होता, वर खूप वारं लागतंय म्हणाली.

कॅनव्हास_शूज
आईला घेऊन मेघालयात नोंग्रियाटला गेले होते, तो दुमजली जिवंत मुळांचा पूल. खासी लोक रबराच्या झाडाची मुळं वळवून वळवून ओढ्यापलीकडे नेतात, पूल तयार व्हायला पिढी जाते. टिर्नापासून खाली तीन हजारांवर पायऱ्या. मी जिम वगैरे करणारी, दोन्ही गुडघे गेले. आई साठीच्या पुढची, पाचवारी खोचलेली, कॅनव्हासचे बूट, पर्वती रोज चढते. वर येताना ती मला म्हणते, बस हवं तर, मी पुढे जाऊन चहा सांगते.

पर्वतीपायथा
पर्वतीचा विजय असो.

घाटपांडे_नाही
एका टूर कंपनीबरोबर दक्षिण भारत केला, नाव घेत नाही. सकाळी पाचला उठवायचे, देवळात पाऊण तास आणि साडीच्या दुकानात अडीच. बसमध्ये अंताक्षरी सक्तीची. पण जेवायला रोज वरणभात तूप, ते मात्र खरं, आमच्या हिने त्यावरच दहापैकी दहा दिले. मला आजही मदुराई म्हटलं की मीनाक्षी नाही, पार्किंग आठवतं.

गुळपोळी
काका, पुढच्या वेळी एकटे निघा. फेरीबोटीने आसामातल्या माजुली बेटावर जा. जोरहाटजवळ निमाती घाटावरून ब्रह्मपुत्रेत बोट, बोटीत माणसं, मोटारसायकली, चारचाक्या, कोंबड्या. पैलतीर दिसतच नाही बराच वेळ, मला आधी वाटलं समुद्रच. बेटावर वैष्णवांची सत्रं म्हणजे मठ आहेत, सामागुरी सत्रात बांबू, माती आणि शेणाचे मुखवटे करतात, रावणाचा जबडा उघडझाप होतो. दरवर्षी नदी काठ खाते आणि बेट लहान होतंय. राहायला मिशिंग लोकांची खांबांवरची घरं. साड्यांचं दुकान कोणी दाखवलं नाही :)

घाटपांडे_नाही
वरणभात मिळेल का?

गुळपोळी
भात भरपूर. वरण तुमचं तुम्ही न्या.

सुप्याचा_पाहुणा
एवढं लांब कशाला मंडळी. मोरगावच्या गणपतीला जाता ना, तिथून जवळच सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. छोटंसं, माळरान, चिंकारा. पहाटे गेट उघडायच्या वेळेला जा, दहाच्या पुढे ऊन आणि कंटाळा. माळराने म्हणजे पडीक जमीन असं समजून लोक तिथे गाड्या घालतात, पार्ट्या करतात, डोकं फिरतं. लांडगा, खोकड, तरस, धाविक पक्षी, सगळं तिथलंच आहे. झाडं नाहीत म्हणजे जंगल नाही हे डोक्यातून काढा आधी.

डेक्कनचा_बगळा
+१०० आणि तसंच पुढे भिगवण. उजनीचं बॅकवॉटर, कुंभारगाव नाहीतर डिकसळ, थंडीत रोहित (फ्लेमिंगो) येतात हजारांनी. आणि पट्टकदंब हंस, हिमालयावरून उडून येतात ते. बोटवाल्या दादांना सगळी नावं इंग्रजीत पाठ, मला एकदा त्यांनीच दुरुस्त केलं.

सदाशिव_पेठी
भिगवणला लोक रोहित बघायला जातात हा गैरसमज आहे. चिलापी फ्राय खायला जातात.

डेक्कनचा_बगळा
दोन्ही जमतं. आधी पक्षी मग ताट.

कडीपत्ता
शाकाहारी लोकांनी काय करायचं तिथे?

सदाशिव_पेठी
पक्षी बघायचे.

अवनी_७७
बगळा, परत कधी जाताय? गाडीत जागा असेल तर आम्ही दोघी आहोत, मी आणि लेक. पेट्रोल वाटून घेऊ.

डेक्कनचा_बगळा
येत्या रविवारी, पहाटे साडेचारला हडपसर गाडीतळ. दोन जागा आहेत. पांढरे, भडक कपडे नकोत. पाच मिनिटांच्या वर थांबत नाही, आधीच सांगतो.

कडीपत्ता
मी पण येऊ का? डबा आणते, दशम्या आणि लसणाची चटणी सगळ्यांना पुरेल एवढी.

डेक्कनचा_बगळा
चटणी शेंगदाण्याची पण आणणार असाल तर तिसरी जागा करतो.