डोळ्यातून काढलेली सुटी रेटिना, ईआरजी (प्रकाशाला तिचा विद्युत प्रतिसाद): ए-वेव्ह (रॉड-कोनची पहिली लाट) वीस मिनिटांत निम्मी होते, आणि फ्लॅशबरोबर एक टोकदार उसळी येते

नेत्रांकुर (प्रश्न विचारणारे सदस्य; पुढे उत्तर देणाऱ्यांची नावं अशीच वर)

सी५७ब्लॅक/६ उंदीर, दोन महिन्यांचे, रात्रभर अंधारात ठेवलेले. डोळा मंद लाल दिव्यात काढतो, पुढचं काम इन्फ्रारेडमध्ये. रेटिना भोक असलेल्या फिल्टर पेपरवर, रॉडची (मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींची) बाजू वर. एम्स मीडियम (रेटिना जिवंत ठेवणारं क्षारद्रावण) लिटरला ८.८ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट १.९ ग्रॅम, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे चालू. प्रवाह मिनिटाला १ मिलि, हीटरवर ३७ अंश. फक्त रॉड-कोनचा (प्रकाशग्राही पेशींचा) प्रतिसाद हवा म्हणून एल-एपी४ (पुढच्या पेशींचा प्रतिसाद रोखणारं औषध) ४० मायक्रोमोलर आणि बेरियम क्लोराइड (म्युलर या आधारपेशींचा प्रतिसाद दाबायला) १०० मायक्रोमोलर. ५०५ नॅनोमीटरचा एलईडी, १ मिलिसेकंदाचा फ्लॅश, २ मिमी व्यासाच्या ठिपक्यावर १ मायक्रोवॅट.

१) संतृप्त (जास्तीत जास्त उंचीची) ए-वेव्ह १८० मायक्रोव्होल्टवरून वीस मिनिटांत ९० वर येते. फ्लॅशमुळे ऱ्होडॉप्सिन (रॉडमधलं प्रकाश शोषणारं रंगद्रव्य) संपत असेल का?
२) मोठ्या फ्लॅशला पहिल्या मिलिसेकंदातच टोकदार उसळी दिसते. ती खरी की खोटी?
३) दर रॉडमागे किती ऱ्होडॉप्सिन रेणू उत्तेजित होतात, ते कसं काढायचं?

अंधारखोली

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

५०५ नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा ३.९३ × १०⁻¹⁹ ज्यूल. म्हणजे १ मायक्रोवॅट म्हणजे सेकंदाला सुमारे २.५४ लाख कोटी फोटॉन. २ मिमीच्या ठिपक्याचं क्षेत्रफळ ३१.४ लाख चौरस मायक्रॉन, तेव्हा दर चौरस मायक्रॉनला सेकंदाला ८ लाख १० हजार आणि तुमच्या १ मिलिसेकंदात ८१०.

आता एका रॉडचं 'जाळं' (फोटॉन पकडणारं क्षेत्र) किती मोठं ते बघू. बाह्यखंडाचा (रॉडच्या ऱ्होडॉप्सिन भरलेल्या टोकाचा) व्यास १.४ मायक्रॉन, म्हणून काप १.५४ चौरस मायक्रॉन. लांबी साधारण २४ मायक्रॉन आणि शोषण (ऑप्टिकल घनता) दर मायक्रॉनला ०.०१६ धरलं तर ५९ टक्के प्रकाश शोषला जातो. शोषलेल्या दर शंभर फोटॉनांपैकी ६७ कामी येतात. १.५४ × ०.५९ × ०.६७ = ०.६. म्हणजे तुमचा पूर्ण फ्लॅश दर रॉडला सुमारे ४९० उत्तेजित रेणू देतो, आणि ३.० घनतेचा न्यूट्रल फिल्टर (प्रकाश हजारपट कमी करणारा) लावला की ०.५. त्या पातळीवर बहुतेक रॉडना एकही फोटॉन मिळत नाही.

उंदराच्या एका रॉडमध्ये सुमारे ७ कोटी ऱ्होडॉप्सिन रेणू असतात. असे शंभर फ्लॅश दिले तरी जेमतेम ४९ हजार खर्च होतात, एक टक्क्याचा दहावा भागही नाही. तेव्हा फ्लॅशवर आळ घेऊ नका. खोलीतल्या उजेडाचं मात्र तसं नाही. रंगद्रव्य-अधिच्छद (रेटिनामागचा पेशींचा थर) सोलून निघालेलं असतं, त्यामुळे रॉडमधलं एकदा विरंजित (प्रकाशाने निकामी) झालेलं ऱ्होडॉप्सिन तुमच्या डिशमध्ये परत तयार होत नाही. बाहेरून ११-सिस किंवा ९-सिस रेटिनाल (ऱ्होडॉप्सिनचा प्रकाश टिपणारा भाग) दिलं तरच होतं.

शलाका

घट का होतेय हे नुसत्या उंचीवरून ठरवू नका. मंद फ्लॅशच्या प्रतिसादाला शिखर गाठायला किती वेळ लागतो तेही सोबत नोंदवा. तीन रोग, तीन लक्षणं:

शिखराला उशीर होतोय: रेटिनापाशी तापमान उतरलंय. हीटरवरचा आकडा विसरा. थर्मोकपलचं टोक चेंबरमध्ये, पेपरशेजारी धरा. मिनिटाला १ मिलि इतक्या सावकाश प्रवाहात नळीतच दोन-तीन अंश सहज जातात.

शिखर लवकर येतंय आणि संवेदनशीलताही कमी: कुठून तरी उजेड शिरतोय. प्रकाशाशी जुळवून घेतलेला रॉड लवकर आणि लहान उत्तर देतो. अॅम्प्लिफायरचे हिरवे दिवे, मॉनिटरची कड, नाइट-व्हिजन दुर्बिणीच्या रबराखालून गळणारा हिरवा उजेड, सगळं काळ्या टेपने बंद करा. ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड दिवा डोळ्यालाही मंद लाल दिसतो, ९४० चा दिसत नाही. आणि लाल दिव्यावर फार विसंबू नका. ६५० नॅनोमीटरला रॉडची संवेदनशीलता हजारपटीहून जास्त घटते, पण तो आंधळा नसतो.

वेळ तीच, उंची घटतेय: ऑक्सिजन कमी पडतोय किंवा गळती आहे. अंधारात रॉड सर्वात जास्त ऑक्सिजन खातो, कारण आत शिरणारं सोडियम सतत बाहेर फेकावं लागतं. प्रवाह ३ मिलि करून बघा. उंची सावरली तर कारण सापडलं. नाही सावरली तर रेटिनाची कड पेपरच्या भोकावरून सरकलीय का, काचद्रवाचा धागा खाली अडकलाय का ते तपासा. रेटिनाच्या दोन बाजूंमध्ये द्रावणाची वाट तयार झाली की व्होल्टेज तिथेच शॉर्ट होतं.

पहिली पाच मिनिटं एल-एपी४ देऊ नका, हे माझं आग्रहाचं सांगणं. बी-वेव्ह (ए-वेव्हनंतरची, पुढच्या पेशींची लाट; एल-एपी४ ती बंद करतं) ऑक्सिजनच्या तुटवड्यात ए-वेव्हच्या आधी कोसळते. ती भक्कम दिसली की मगच औषधं सुरू करा.

अंधारखोली

उसळीबद्दल. आधी एलईडीवर काळी टेप लावून फ्लॅश द्या. उसळी तशीच राहिली तर ती ड्रायव्हरच्या (एलईडीला वीज देणाऱ्या सर्किटच्या) तारेतून येतेय. तार शील्ड करा. नाहीशी झाली तर रेटिनाशिवाय, कोऱ्या पेपरवर फ्लॅश द्या. तिथेही दिसली तर प्रकाश सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडवर पडतोय. इलेक्ट्रोड आडोशाला न्या आणि खारट आगारच्या नळीने जोडा.

रेटिना असतानाच दिसत असेल तर लगेच खोटी म्हणू नका. प्रखर फ्लॅशला ऱ्होडॉप्सिनच्या रेणूंमधला विद्युतभार हलतो आणि अत्यंत जलद विभव दिसतं. ब्राउन आणि मुराकामी यांनी ते १९६४ मध्ये नोंदवलं. पण त्यासाठी ऱ्होडॉप्सिनचा बराच भाग एका झटक्यात विरंजित व्हावा लागतो. तुमचे ४९० रेणू त्याच्या जवळपासही नाहीत, त्यामुळे माझा संशय इलेक्ट्रोडवरच.

क्षार_आणि_पाणी

बेरियमकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. एम्समध्ये मॅग्नेशियम सल्फेट असतं. १०० मायक्रोमोलर बेरियम त्यात टाकलं की बेरियम सल्फेट हळूहळू खाली बसू लागतं: बाटलीच्या तळाशी पांढरी धूळ, नळीत चिकट साय. द्रावणातलं बेरियम घटलं की म्युलर पेशींचा संथ ऋण घटक परत येतो. तेव्हा लाट मोठी दिसते आणि शेपूट लांबते. ही सुधारणा समजू नका.

सल्फेट नसलेलं लॉक (Locke) द्रावण वापरा. मिलिमोलरमध्ये: सोडियम क्लोराइड ११२.५, पोटॅशियम क्लोराइड ३.६, मॅग्नेशियम क्लोराइड २.४, कॅल्शियम क्लोराइड १.२, हेपेस १०, बायकार्बोनेट २०, ग्लुकोज १०, सोडियम सक्सिनेट ३, सोडियम ग्लुटामेट ०.५, ईडीटीए ०.०२. गॅस अर्धा तास चालू ठेवून पीएच ७.४ वर आला की मगच कॅल्शियम आणि शेवटी बेरियम. आधी टाकलंत तर कार्बोनेटचं दूध होतं.

आणखी एक. थंड द्रावणात गॅस भरून मग ते हीटरमधून नेलं, तर गॅस सुटून बुडबुडे नेमके पेपरच्या भोकाखाली जमतात आणि बेसलाइन भटकते. बाटलीच ४० अंशांच्या पाण्यात ठेवा.

नेत्रांकुर

थर्मोकपल लावला, पेपरपाशी ३३.५ निघाले. प्रवाह आणि द्रावण दोन्ही बदलतो. ३.० फिल्टरवर किती फ्लॅशची सरासरी घेऊ?

शलाका

तीस ते चाळीस, दोन फ्लॅशमध्ये ३ सेकंद. संतृप्त फ्लॅशनंतर मात्र ३० सेकंद थांबा, आणि दर दहा मिनिटांनी एक संतृप्त फ्लॅश देऊन उंची वहीत लिहा. ती १० टक्क्यांहून जास्त घसरली तर त्यानंतरचे मंद फ्लॅश सरासरीत घेऊ नका.