‘शांत’ टॅरॅन्टुला पाळा म्हणणाऱ्यांनी गोव्याचा पावसाळा बघितलाय का?

आठपायी (फोंडा)

कालपासून एक पोस्ट फिरतेय. ‘फ्लॅटमध्ये कुत्रा-मांजर जमत नसेल तर चिलियन रोझ टॅरॅन्टुला (मोठा केसाळ कोळी) आणा. स्वभावानं गरीब गाय. मुलांच्या हातावर द्या, आठवड्याभरात घरच्यांना ओळखायला लागतो.’ खाली बदामांचा पाऊस आणि ‘भाव किती?’ विचारणाऱ्यांची रांग. गप्प बसणार होतो. पण सोबतच्या फोटोत एक लहान मुलगी उभ्यानं कोळी तळहातावर घेऊन नाकाजवळ धरतेय, ते बघून डोकं सणकलं.

कोळी कुणाला ओळखत नाही. आठ डोळे असूनही नजर इतकी अधू की उजेड, अंधार आणि हालचाल याच्यापुढे फारसं काही कळत नाही. बाकी कारभार पायांवरच्या केसांना जाणवणाऱ्या कंपनांवर. तुमचा हात त्याच्या लेखी कोमट ओंडका. ‘शांत’ जात म्हणजे पटकन न बिथरणारी, सावकाश चालणारी, चावण्याआधी पळून बघणारी. त्यात माया शोधू नका.

उभ्या माणसाच्या हातातून लादीवर पडला की पोट फुटतं आणि बहुतेक वेळा खेळ खलास. आणि अमेरिका खंडातले हे बहुतेक ‘गरीब’ कोळी चावण्याआधी मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडतात. केस सूक्ष्म, काटेरी. कातडीला खाज सुटते ती सुटते, पण बुबुळात रुतले तर महिनोन्‌महिने डोळ्यांच्या डॉक्टरकडे खेपा. म्हणजे नाकाजवळ धरायची वस्तू नाही ती.

हे सगळं एक वेळ सोडा. माझा खरा राग वेगळा आहे. चिलियन रोझ हा चिलीतल्या कोरड्या, झुडपी मुलखातला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. कपाटातल्या चपलांना बुरशी धरते तिथं हा जीव काचेच्या पेटीत ओल्या मातीवर बसवायचा? बसत नाही तो. पायांच्या टोकांवर उभा राहतो, मातीला पोट लागू देत नाही, मग काचेवर चढतो. मालक म्हणतो, बघा किती खेळकर! अरे, तो बिचारा कोरडी जागा शोधतोय.

घ्यायचाच असेल तर कर्ली हेअर घ्या. निकाराग्वा, कोस्टा रिकाच्या दमट रानातला, आपली हवा त्याला परकी नाही. दिसायला तपकिरी, विस्कटलेला, म्हणून फोटोवाल्यांना आवडत नाही. खाऊन-पिऊन, बीळ खणून सुखी असतो. ‘चाको गोल्डन नी’ पण चांगला, पाय पसरले की वीतभर, तरी थंड डोक्याचा, फक्त माती कोरडी ठेवावी लागते. ‘मेक्सिकन रेड नी’ दिसायला राजा, पण केस झाडण्यात भलताच उदार. आणि पिंक टो कुणी ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून गळ्यात मारत असेल तर हात जोडा. झाडावरचा कोळी, उडी मारतो, आणि हवा न खेळणाऱ्या दमट डब्यात पटकन मरतो.

समुद्र_सौरभ (पर्वरी)

ती पोस्ट माझी. नाव घेतलं असतंत तर बरं वाटलं असतं, पण असो.

माझ्याकडे रोझ आहे. पर्वरीत राहतो, समुद्राचा वारा सरळ खिडकीतून आत येतो, आणि तरी माझी राणी ठणठणीत आहे. चावली नाही, केस झाडले नाहीत, हातावर घेतली की निवांत बसते. फोटोतली मुलगी माझी भाची, मी बाजूलाच होतो. पुस्तकं वाचून घाबरवणाऱ्यांपेक्षा ज्याच्या घरात कोळी आहे त्याचं ऐकावं असं माझं साधं मत.

आठपायी (फोंडा)

साहेब, एकच विचारतो. त्या खोलीत एसी किंवा ओल शोषणारं यंत्र चालू असतं का?

समुद्र_सौरभ (पर्वरी)

असतं. मग? एसी ठेवायला बंदी आहे का?

आठपायी (फोंडा)

नाही हो. फक्त पोस्टमध्ये तेवढं लिहायचं राहिलं. ‘गरीब गाय, सोबत विजेचं बिल.’ आणि पावसात आमच्या फोंड्यात लाईट जाते तेव्हा गायीनं काय करायचं?

आसगावची_मावशी

मी यातलं काही जाणत नाही, पण बोलते. ही सगळी हौस संपते कुठं माहीत आहे? आमच्या रस्त्यावर. सीझनला येतात, पिल्लू आणतात, फोटो काढतात, मेमध्ये भाड्याचं घर सोडतात आणि कुत्रं आमच्या बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, झोपतं. माझ्या दारात आज जी कुत्री आहेत त्यातलं एकही मी आणलेलं नाही. आता कोळी. उद्या तो पण कुंपणावरून माझ्याकडेच सोडतील.

समुद्र_सौरभ (पर्वरी)

मावशी, मी भाड्यानं राहत नाही आणि काही सोडत नाही. मादी वीस वर्षं जगते हे ठाऊक असूनच आणली.

आठपायी (फोंडा)

मादी आहे याची खात्री कशी केलीत? नर निघाला तर पूर्ण वाढ झाल्यावर वर्ष-दोन वर्षांत जातो. टाकलेली कात भिजवून आतून बघितल्याशिवाय पिल्लाचं सांगता येत नाही, आणि विकणारे सगळ्यांना मादीच सांगतात.

वाळपईकर

काय मरे तुम्ही लोक! हजारो रुपये मोजून परदेशातला कोळी आणता. पहिल्या पावसानंतर आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, बांधावर बॅटरी घेऊन या. मातीत गोल बीळ, तोंडाला पांढऱ्या रेशमाची झालर, आत काळपट तपकिरी बाई पाय बाहेर काढून बसलेली. आमचा थोरला लहानपणी काडी घालून बाहेर काढायचा. फुकट आहे, इथल्या हवेतला आहे, एसी नको.

आठपायी (फोंडा)

हे मात्र कृपा करून कुणी करू नका. बांधातला तो बहुतेक थ्रिग्मोपियस, आपल्या पश्चिम घाटापुरताच असलेला. दुसरा चिलोब्राकिस, परदेशात ‘इंडियन व्हायोलेट’ म्हणून विकतात. आणि झाडांच्या ढोलीतला पोसिलोथेरिया. आपल्याकडच्या जातींना झाडायला केस नाहीत, म्हणून त्या सरळ पुढचे पाय उचलून दात दाखवतात, आणि वीज चमकावी तशा पळतात. टॅरॅन्टुला चावून माणूस मेल्याची खात्रीची नोंद नाही, खरं. पण पोसिलोथेरिया चावलेल्यांच्या स्नायूंत कळा आणि पेटके येतात, काहींना ते कित्येक दिवसांनी परत उठतात. ‘शांत’ हा शब्द इथल्या एकाही जातीला लागू नाही.

शिवाय ती बिळातली बाई वर्षानुवर्षं त्याच बिळात असते. काडीनं बाहेर काढून बीळ मोडलंत की उघड्यावर किती रात्री टिकेल? सत्तरी तालुक्यातल्या म्हादई अभयारण्याच्या हद्दीत असाल तर कायद्यानं गुन्हा आहे, ते वेगळं.

वाळपईकर

आला कायदा! याचीच वाट बघत होतो. 1999 मध्ये म्हादई अभयारण्य झालं, 208 चौरस किलोमीटर, आणि आमचे गाव, आमचे काजू आत. तेव्हापासून बागायतीच्या हक्काचे अर्ज फायलीत. 2023 मध्ये हायकोर्टानं व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं, तेव्हा आम्हाला पेपरात वाचून कळलं. आता फोंड्यातला माणूस मला सांगणार की माझ्या आज्यानं बांधलेल्या बांधावर काडी घालायची नाही!

पेडण्याचा_चिरा

वाळपईकर, तुझ्या काडीनं काय होतं रे. इकडे आमच्या बाजूला डोंगरच्या डोंगर जेसीबीनं कापतात. नगरनियोजन कायद्याच्या 39अ कलमाखाली जमिनीचा झोन बदलला की झालं. त्या उतारावर किती बिळं होती कोणी मोजली? एक कोळी पकडला तर गुन्हा, हजार कोळी चिरडून व्हिला बांधली तर विकास. आणि त्या व्हिलात राहायला येणारा काचेच्या पेटीत चिलीचा कोळी ठेवतो!

समुद्र_सौरभ (पर्वरी)

मी व्हिलात राहत नाही. वन बीएचके आहे.

वाळपईकर

चिरा बरोबर बोलतो. वाघ आमच्या माथ्यावर, डोंगर त्यांच्या खिशात.

फोंड्याचा_फणस

वाघाचं मध्येच काय काढलं? सत्तरीत वाघ नाहीत का? 2020 मध्ये गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले ते काय कोळी होते? गुरं मारतो म्हणून वाघाला विष घालायचं आणि वर हक्काच्या गोष्टी.

वाळपईकर

तुझी म्हैस वाघानं मारली आहे कधी? नुकसानभरपाईसाठी पंचनाम्याची वाट बघत दुर्गंधीत उभा राहिला आहेस? नाही ना? मग फणस सोल आणि गप्प बस.

फोंड्याचा_फणस

हे असंच. मुद्दा संपला की माणसावर यायचं.

पेडण्याचा_चिरा

म्हशीची भरपाई निदान कागदावर तरी मिळते. कापलेल्या डोंगराची भरपाई कोण देतो ते सांगा. विहिरी आटतात, पहिल्या पावसात लाल चिखल घरात.

आठपायी (फोंडा)

मंडळी, कोळी राहिला बाजूला. वाळपईकर, तुमच्या जमिनीच्या हक्कावर मी काही बोललो नाही, बोलणारही नाही. फक्त काडी घालू नका म्हटलं.

वाळपईकर

घालत नाही. थोरला आता दुबईत आहे. पण ‘करू नका’ असं ऐकलं की करावंसं वाटतं, काय करणार.

तिसवाडी_वकील

कायद्याचं नाव निघालंच आहे तर पूर्ण घ्या. मेक्सिकन रेड नी ज्या ब्राकिपेल्मा गटात येतो तो साइटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपला पोसिलोथेरिया 2019 मध्ये त्याच परिशिष्टात गेला. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनं साइटिसमधल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली, आणि 2024 च्या नियमांप्रमाणे असा जिवंत प्राणी घरात असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. विकला, दिला, पिल्लं झाली, मेला, सगळं कळवायचं. विकणारा ‘साहेब, कागद लागत नाही’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा. कुठल्याही जातीचं नाव यादीत आहे का ते घेण्याआधी बघा, घेतल्यावर नव्हे.

आठपायी (फोंडा)

आणि आंध्रातला तो निळा पोसिलोथेरिया, नल्लमलाच्या बाजूच्या एवढ्याशा जंगलात राहणारा. जगभरच्या शौकिनांच्या पेट्यांत तो आरामात मिळतो, आणि इथं त्याचं जंगल सरपणासाठी तुटतंय. चिऱ्याचा मुद्दा तिथं मला पटतो. मनाविरुद्ध पटतो, पण पटतो.

पेडण्याचा_चिरा

लिहून ठेवतो. फोंडेकराला पटलं.

बांबोळीची_ताई

केसांचं कोणी हलक्यात घेऊ नये म्हणून सांगते. माझ्या दिराला असा छंद आहे. पेटी साफ करून तसाच डोळा चोळला. लाल डोळा, पाणी, उजेड सहन होईना. आधी सगळ्यांना वाटलं डोळे आलेत, थेंब घालत बसले. मोठ्या भिंगाखाली बघितलं तेव्हा केस दिसले. त्याचा कोळी ‘शांत’ होता, हातसुद्धा लावला नव्हता. केस मातीतच पडलेले. हातमोजे, चष्मा, आणि कातडीला लागले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा.

समुद्र_सौरभ (पर्वरी)

ठीक आहे. भाचीच्या हातात देणार नाही, पोस्टमधला फोटोही काढून टाकला. सगळ्यांना शांत झोप लागो.

आता मी एक सांगतो जे तुम्हा विद्वानांपैकी कोणी लिहिलं नाही. माझा पहिला कोळी ओलीनं मेला नाही. डेंग्यूसाठी फॉगिंगची गाडी आली, खिडकी उघडी होती. संध्याकाळपर्यंत पाय थरथरायला लागले, चालताना तोल जाई, दोन दिवसांत गेला. डासांच्या यंत्रातली द्रव्यंसुद्धा कीटकनाशकंच असतात. गोव्यात कोळी पाळणाऱ्यानं हवा-बिवा नंतर बघावी, आधी गाडीचा आवाज ऐकायला शिकावं.

आठपायी (फोंडा)

हे मात्र शंभर टक्के. माझ्या यादीत हवं होतं, चला, तुमच्या नावावर. गाडी ऐकू आली की खिडक्या बंद, पेटी आतल्या खोलीत, डासांचं यंत्र त्या खोलीत कायमचं बंद.

आणखी एक शत्रू, मुंग्या. पहिला पाऊस पडला की हुमले घरात. कात टाकताना कोळी पाठीवर उताणा पडलेला असतो, अंग मऊ, पळता येत नाही. मुंग्या जिवंतपणी खातात. टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, आणि खाल्लेल्या झुरळाचा चोथा रात्रीच काढा. उताणा दिसला म्हणून मेला समजून टाकून देऊ नका. तेही झालेलं ऐकलंय.

समुद्र_सौरभ (पर्वरी)

तरी रोझच चांगला.

आठपायी (फोंडा)

एसीवाल्यांसाठी, हो.

आसगावची_मावशी

एवढं वाचून मला एकच कळलं, कुत्रं बरं. पण एक शंका. चवथीला सगळे मूळ घरी जातात, तेव्हा याला जेवण कोण घालतं? मला तर सांगणार नाहीत ना?

आठपायी (फोंडा)

नाही मावशी. मोठा कोळी काही आठवडे न खाता आरामात राहतो, रोझ तर महिनोन्‌महिने तोंड फिरवून बसतो. पाण्याची वाटी भरून, झाकणाला कडी लावून निघायचं. पेटीत जिवंत झुरळ मात्र सोडून जायचं नाही. कात टाकायला बसला तर झुरळच त्याला कुरतडतं.

आसगावची_मावशी

झुरळं घरात आणून वर पाळता? देवा रे.

वाळपईकर

मावशी, झुरळं आमच्याकडून न्या. त्यावर अजून अभयारण्य झालेलं नाही.