'विज्ञानकथा' हा समास सोडवायचा कसा?

सातपूरकर:
वाचनालयातल्या 'विज्ञानकथा' असं लिहिलेल्या कपाटात काल तीन पुस्तकं शेजारीशेजारी दिसली. परग्रहवासीयांवरची कादंबरी, पेनिसिलिनच्या शोधाची हकिगत आणि जुन्या वाड्यातल्या झपाटलेल्या रेडिओची गोष्ट. वाचनालयाच्या ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "तिन्हींत विज्ञान आहे की!" मला उत्तर सुचेना. २०२१ला आपल्या नाशिकच्या आडगावात साहित्य संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष विज्ञानकथाकार जयंत विष्णू नारळीकर होते (प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, ते सोडा). आणि आपल्याच गावात हा घोळ!

पंचवटीकर:
ताईंचं काय चुकलं? शब्दच ढिला आहे. 'विज्ञानाची कथा' असा विग्रह केला की पेनिसिलिन आत. 'विज्ञानावर आधारलेली कल्पित कथा' असा मध्यमपदलोपी, म्हणजे मधलं पद गाळलेला, समास घेतला की बाहेर. पुरणपोळीतलं 'भरून केलेली' गळलं तरी कुणाचं बिघडत नाही. इथे मात्र नेमकं 'कल्पित' गळलंय. 'कथा' काही कल्पितच असते असं नाही, सत्यकथाही असतेच. शिवाय कथा म्हटलं की ती आखूड. म्हणून 'विज्ञान कादंबरी' वेगळी काढली, आणि दोघींना मिळून नावच उरलं नाही. 'विज्ञानसाहित्य' म्हणाल तर त्यात लेख आणि चरित्रंही आली. 'विज्ञान काल्पनिका' हे मला बारशाला ठेवलेलं नाव वाटतं. मराठी विज्ञान परिषद 'विज्ञानरंजन' म्हणते. परिषदेच्याच स्पर्धेत नारळीकरांनी १९७४ साली, आद्याक्षरं उलटी करून, 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. शब्द गोड आहे, पण रंजनच का? चांगली विज्ञानकथा झोप उडवते.

ओझरवाला:
मग पुष्पक विमान विज्ञानकथेत धरायचं का? सीतेला इथूनच तर नेलं.

पंचवटीकर:
वाल्मीकींकडे पंचवटीतून नेलं ते गाढवं जुंपलेल्या मायावी रथातून. पुष्पक परतीच्या वाटेवर येतं. पण मुद्दा वेगळा आहे. पुष्पक कशावर चालतं, कधी बंद पडतं, हे त्या काव्यात कुणी विचारत नाही आणि विचारायची गरजही नाही.

असं समजा. आभाळ कोरडं, गंगापूर धरणाचे दरवाजे बंद, आणि तरी गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत बुडालाय. गोदामाई कोपली म्हणालात तर अद्भुतकथा, आणि त्यात कमीपणा काही नाही. रात्री त्या पाण्यातून कुणी हाक मारत असेल तर भयकथा. हे कुणी केलं, एवढ्यावरच जीव टांगला असेल तर रहस्यकथा. ब्रह्मगिरीवर कुणी ढग अडवायचं यंत्र बसवलं म्हणालात, तरी विज्ञानकथेचं नुसतं सामान आलं. पुढच्या पानावर मराठवाडा विचारतो, "ते ढग आमच्याकडे येणार होते, जायकवाडीच्या हिशेबात धरायचे की नाही?" द्राक्षबागायतदार ओरडतो, "तोडणीच्या वेळी पाऊस पाडलात तर मणी तडकतील!" आता सुरू झाली विज्ञानकथा. एक गोष्ट मानून घ्यायची लेखकाला मुभा आहे, तिच्या परिणामांत मात्र उधारी चालत नाही.

ओझरवाला:
म्हणजे विज्ञान बिनचूक नसलं तरी चालेल?

पंचवटीकर:
हा वाद जुना आहे. १८६५मध्ये ज्यूल व्हर्नने माणसांना तोफेतून चंद्राकडे उडवलं, १९०१मध्ये वेल्सने गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थ योजला. व्हर्नची तक्रार होती की आपण पदार्थविज्ञान वापरतो आणि वेल्स मनाचं रचतो. पण व्हर्नच्याच तोफेच्या धक्क्याने आतले प्रवासी चिरडले असते! दोघांनाही याच कपाटात ठेवू. भविष्यकाळ, रोबो, अवकाशयान यांवरून तर मुळीच ठरवू नका.

सातपूरकर:
आणि रेडिओचं काय?

पंचवटीकर:
सेल काढले तर बोलतो का? आणि कथेतल्या कुणी ते तपासून पाहिलं का?

सातपूरकर:
आज पुस्तक काढून पाहिलं. सेल काढल्यावरही बोलतो, घरातली सगळी नुसती हात जोडतात. ताईंना सांगितलं. म्हणाल्या, भयकथेच्या कपाटात जागा नाही, राहू दे तिथेच. पेनिसिलिन मात्र चरित्रांत हलवलं.