शब्दचर्चा : गहाण ‘सोडवून आणणे’ की ‘सोडवून घेणे’?

टाकबोरू : आतेभावाने अमेरिकेत, मिनेसोटात, शेरीफच्या (तिकडच्या जिल्हा पोलीसप्रमुखाच्या) लिलावात कर्ज थकलेलं घर घेतलं. पैसे भरले, विक्रीचा दाखला मिळाला, पण घर अजून त्याचं नाही. मूळ मालकाला बहुधा ६ महिन्यांची मुदत असते, काही प्रकरणांत १२. तेवढ्यात लिलावाची रक्कम व्याजासकट भरली की घर परत. इथवर आत्याला समजलं. पुढे असं की, मालकाने काहीच केलं नाही तर त्याच घरावर मागाहून कर्ज दिलेला दुसरा सावकारही घर ‘रिडीम’ करू शकतो. मी कोश उघडून लिहिलं, ‘कनिष्ठ धारणाधिकारधारकाचा विमोचनाचा हक्क’. आत्या म्हणाली, कुठल्या पुस्तकाचं विमोचन? काय लिहू?

कोर्टाची पायरी : आत्याबाईंचं बरोबर आहे. कोर्टाच्या कागदात विमोचन चालतं, बाहेर मात्र शाल-नारळच आठवतो. ‘धारणाधिकार’ म्हटलं की सरकारी नोकराला मूळ पदावरचा हक्क दिसतो, आणि ‘कनिष्ठ’च्या पुढे लिपिक आल्याशिवाय चैन पडत नाही. ‘फोरक्लोजर’ही तसाच ठेवू नका. आपल्या बँकेत त्याचा अर्थ कर्ज मुदतीआधी फेडून मोकळं होणं, तिकडे कर्ज थकून घर जाणं!

‘कनिष्ठ’ऐवजी ‘पाठचा’ घ्या. आपल्या १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश ३४ मध्ये, मागाहूनच्या गहाणदाराला, म्हणजे गहाण ठेवून घेणाऱ्या सावकाराला, ‘प्यूनी मॉर्टगेजी’ म्हटलंय. प्यूनी हा जुन्या फ्रेंचमधला शब्द, अर्थ ‘नंतर जन्मलेला’. म्हणजे पाठचा भाऊ तसा पाठचा गहाणदार.

गोधडी : आणि विमोचन कशाला? ‘सोडवणे’ काय वाईट आहे? आमची आजी पेरणीला पाटल्या ठेवायची नि सुगी झाली की सोडवून आणायची. घरी आल्यावर आधी देवापुढे ठेवायची, मग हातात.

टाकबोरू : तिथेच अडतंय. पाटल्या आजीच्याच होत्या. इथे सोडवणारा मालक नाही. समजा घर २ लाख डॉलरला लिलावात गेलं आणि पाठच्या सावकाराचे ४० हजार अडकलेत. तो आतेभावाला २ लाख आणि व्याज देतो आणि घर स्वतःकडे घेतो. मालकाला काही परत मिळत नाही. ‘सोडवलं’ लिहिलं तर आत्या म्हणेल, सुटलं बिचाऱ्याचं घर.

गोधडी : मग क्रियापदाचं शेपूट बदला. मालक ‘सोडवून आणतो’, पाठचा सावकार ‘सोडवून घेतो’. ‘घेणे’ लागलं की कोणासाठी ते आपोआप कळतं.

कोर्टाची पायरी : वा, हे कोशात नाही सापडणार. मिनेसोटापुरतं अगदी चपखल. भारताबद्दल लिहिताना मात्र जपून. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात कलम ९१ने पाठच्या गहाणदारालाही सोडवण्याचा हक्क दिलाय. पण कलम ९२प्रमाणे तो पहिल्याचं देणं भागवून पहिल्याच्या जागी बसतो, एवढंच. घर मालकाचंच राहतं आणि मालक पुढे त्याच्याकडूनही सोडवू शकतो. तिथे मी ‘जागी बसणे’ लिहीन.

वेळही उलटी आहे. बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्यात २०१६ साली कलम १३(८) बदललं, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा सोडवण्याचा हक्क संपला. मिनेसोटात जे लिलावानंतर सुरू होतं, ते इथे लिलावाआधीच मिटतं.

गोधडी : पाठचे दोघं-तिघं असले तर? आमच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’च्या रकान्यात बोज्याखाली बोजा आहे.

टाकबोरू : रांग आहे. मालकाची मुदत संपायच्या किमान आठवडाभर आधी इराद्याची नोटीस नोंदवावी लागते, नाहीतर रांगेत उभंच राहता येत नाही. मग पहिल्या पाठच्याला ७ दिवस, त्याच्या पाठच्याला पुढचे ७. मागून येणाऱ्याने आधीच्याने भरलेले पैसे तर द्यायचेच, शिवाय त्याचं कर्जही चुकवायचं.

शेवटी लिहिलं ते असं : ‘मालकाने घर सोडवून आणलं नाही, तर पाठचे सावकार आपापल्या पाळीने ते सोडवून घेऊ शकतात.’ आत्याने दोनदा वाचलं. आतेभावाचे पैसे व्याजासकट परत येतील हे विचारून घेतलं. मग म्हणाली, ‘सुनेला सांग, पडद्यांची मापं एवढ्यात घेऊ नको.’